कवितेवर विश्वास नसलेल्या माणसाने ‘सौभद्रा’ची संहिता वाचली तेव्हा

ओतकामवाला, उद्यमबाग (धागाकर्ता)

कवितेविषयी माझा आक्षेप जुना आहे आणि तो सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, म्हणजे चर्चा भलतीकडे जाणार नाही. जे गद्यात एका सरळ वाक्यात सांगता येते तेच ओळी तोडून, शब्द मागेपुढे करून आणि यमकासाठी पदरचा एखादा शब्द घालून सांगितले की त्याला अधिक खोली येते, हे मला कधीच पटलेले नाही. शाळेत रसग्रहणाच्या प्रश्नात ‘कवीला येथे काय सुचवायचे आहे’ असे विचारत आणि उत्तर मार्गदर्शकातून पाठ करावे लागे. जे सुचवायचे आहे ते कवीने स्वतःच का सांगितले नाही, याचे उत्तर मात्र कोणत्याही मार्गदर्शकात नसे. पुढे चरित्रे वाचली, इतिहास वाचला, कादंबऱ्या वाचल्या, पण कवितेचे पुस्तक हातात फार वेळ टिकले नाही.

अशा माणसाकडे गेल्या पावसाळ्यात ‘संगीत सौभद्र’ या जुन्या संगीत नाटकाची संहिता आली. बेळगावच्या शहापुरातील ओळखीच्या हौशी मंडळींनी त्यातले निवडक प्रवेश बसवायला घेतले आहेत, आणि पाने सुटलेल्या जुन्या प्रतीवरून सगळी संहिता संगणकावर टंकून देण्याचे काम माझ्याकडे आले. ही पदे, म्हणजे नाटकातली गाणी, आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असतात. लग्नघरात, गणेशोत्सवात, आकाशवाणीच्या सकाळच्या कार्यक्रमात ती ऐकलेली असतात; परंतु गाणे ऐकताना शब्दांकडे लक्ष द्यावेच लागते असे नाही. टंकताना ती पळवाट उरत नाही, कारण अक्षर न् अक्षर डोळ्यांखालून जाते आणि ऱ्हस्वदीर्घ तपासताना प्रत्येक ओळ दोनदा वाचावी लागते.

अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. जन्म १८४३ चा, म्हणजे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले त्याच वर्षीचा. भाव्यांच्या नाटकात पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पद पात्राच्या तोंडी गेले. ज्याचे दुःख त्यानेच गायचे, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यासाठी कोणाला तरी पहिले पाऊल टाकावे लागले याचा विसर पडतो.

माझा पूर्वग्रह असा होता की गद्य संवाद तेवढे टिकतील आणि पदे कागदावर कोमेजलेली दिसतील. काही पदांविषयी तो आजही खरा आहे. सुभद्रेच्या ‘वद जाऊं कुणाला शरण’ या पदात ‘ते विफल होय साचे’ असा चरण येतो, आणि त्यातले ‘साचे’ (म्हणजे ‘खरेच’) मला भरतीचेच वाटते. ‘मनिंचे’शी जुळावे यापलीकडे त्याला तेथे काम नाही. परंतु ‘प्रिये पहा’ टंकताना मी थांबलो. कृष्ण रुक्मिणीला पहाट दाखवतो आहे, एवढाच मजकूर. आता हे दोन चरण पाहा :

थंडगार वात सुटत
दीपतेज मंद होत

थंड, गार, वात, सुटत. दीप, तेज, मंद, होत. लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या की आठही तुकडे प्रत्येकी तीन मात्रांचे आहेत. ‘सुटत’मध्ये तीन लघु, बाकीच्यांत एक गुरू आणि एक लघु, चार त्रिके मिळून बारा मात्रांचा चरण होतो. एकही शब्द ओढूनताणून आणलेला नाही, एकही अक्षर मापासाठी मोडलेले नाही, आणि ही वाक्ये गद्यात लिहायची म्हटली तरी जवळजवळ याच शब्दांत लिहावी लागतील. त्यानंतर प्रत्येक कडव्याचा शेवट कोठे होतो तेही पाहा : ‘उषःकाल हा’, ‘निजमहा’, ‘जलरुहा’, ‘अहा’. प्रत्येक वेळी उघडा, लांब आकार. कागदावर ते साधे यमक दिसते; गाणाऱ्याच्या गळ्यात मात्र ती ठेवून दिलेली जागा आहे, कारण ताना आकारात घेतात आणि आलाप आकारात भरतात.

आमच्या ओतकामात आधी लाकडी पॅटर्न, म्हणजे वस्तूचा नमुना, करतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसते म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो, आणि पुढे मशिनिंगमध्ये जेवढे कापले जाणार तेवढीही जागा त्यात सोडलेली असते. पॅटर्न हातात घेऊन ‘हा मापात नाही’ असे कोणी म्हणत नाही, कारण ज्या वस्तूसाठी तो केला ती अजून ओतायची असते. संगीत नाटकाच्या पदाकडे मी असे पाहू लागलो आणि पहिल्यांदाच एखादी पद्यरचना चांगली की वाईट हे ठरवण्याचे साधन माझ्या हाती आले : तिने आवाजासाठी किती आणि नेमकी कोठे जागा सोडली आहे?

स्वतंत्र कवितेबद्दलची माझी शंका यामुळे फिटलेली नाही. किंबहुना ती अधिक नेमकी झाली आहे. जी कविता कोणीही गाणार नाही, कोणतेही पात्र म्हणणार नाही, ती ही जागा कोणासाठी सोडते? जाणकारांनी यावर लिहावे. संगीत नाटकाच्या संहितेला पद्य म्हणून वाचावे की नाही, याविषयीचे मत वाचायलाही आवडेल.

शहापूरची वाचक

काका, ‘बहु आप्त-बंधु-बांधवां प्रार्थिले’ हा ‘वद जाऊं कुणाला शरण’ याच पदातील चरण तुम्ही सोडून दिलात. आप्त, बंधू आणि बांधव हे तिन्ही शब्द जवळपास एकाच अर्थाचे आहेत, त्यामुळे तुमच्या हिशेबाने त्यांतले दोन भरतीचे ठरतील. पण थोरल्या भावाने आपले लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे आणि घरातले कोणीही मधे पडत नाही, हे जिला कळून चुकले आहे तिने कोणाकोणाचे पाय धरले ते एकेक करून मोजले, तर त्यात जास्तीचे काय आहे? ही मोजणी तिची आहे, कवीची नाही. तालमीत जी मुलगी हे पद म्हणते ती प्रत्येक शब्दावर किंचित थांबते. तिला तसे करायला कोणी सांगितलेले नाही.

टिळकवाडीचा श्रोता

धागाकर्त्यांनी विचारलेला प्रश्न युरोपात ऑपेराच्या जन्मापासून चालत आलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ऑपेराच्या संहितेला लिब्रेटो म्हणतात, आणि आरंभीच्या काळात ती लिहिणारे लोक कवीच होते. फ्लॉरेन्समध्ये १६०० साली झालेल्या ‘युरिडिचे’ची संहिता रिनुच्चिनी या कवीची, संगीत पेरीचे. सात वर्षांनी मांतुआत मोंतेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ झाला, त्याची संहिता स्त्रिज्जोची. या संहितांमध्ये दोन तऱ्हांचे पद्य असे. संवाद पुढे नेणारा भाग सात आणि अकरा अक्षरांच्या ओळी मिसळून, यमकाचे बंधन सैल ठेवून लिहिलेला असे आणि तो बोलण्याच्या जवळ जाणाऱ्या गायनात म्हणत. भावना जेथे साठून येते तेथे आखीव, छोट्या कडव्यांचे गीत येई. आपल्याकडे साकी, दिंडी, कामदा, आर्या ही वृत्ते नाटकात जे काम करतात ते पहिल्या प्रकाराशी पुष्कळ जुळते आणि ‘पद’ दुसऱ्याशी. साकीच्या २८ मात्रा किंवा दिंडीच्या १९ मात्रा कानाला इतक्या ओळखीच्या असतात की श्रोत्याचे लक्ष चालीकडे न जाता कथानकाकडे राहते.

१७३० पासून व्हिएन्नाच्या दरबारी कवी असलेल्या मेतास्तासिओचे उदाहरण तर या धाग्यासाठीच ठेवल्यासारखे आहे. त्याची एकेक संहिता अनेक संगीतकारांनी आपापल्या परीने पुन्हा पुन्हा संगीतबद्ध केली. त्याचे गीत म्हणजे बहुधा दोन लहान कडवी. दुसरे संपले की पहिले पुन्हा गायचे आणि त्या फेरीत गायकाने आपली करामत दाखवायची, असा रिवाज होता. कडव्याची शेवटची ओळ बहुतेक वेळा शेवटच्याच अक्षरावर आघात येईल अशी बांधलेली असे. ‘निजमहा’ आणि ‘जलरुहा’ यांचे कूळ त्यावरून ध्यानात यावे. दोन देश, दोन भाषा, मध्ये दीडशे वर्षे आणि एकमेकांची ओळख नाही, तरी गळ्याची गरज एक असल्यामुळे दोघांनी कडव्याचे टोक सारखेच घडवले, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र काटेकोर बोलायचे तर ‘सौभद्र’ला ऑपेरा म्हणता येणार नाही, कारण त्यात गद्य संवाद आहेत. मोझार्टची १७९१ सालची ‘जादूची बासरी’ तशी आहे : शिकानेडरच्या त्या संहितेत गाण्यांच्या मधे पात्रे बोलतात. ‘सौभद्र’ तिच्या अधिक जवळ बसते.

शब्द मोठे की सूर, या वादावर तर ऑपेराच लिहिला गेला. १७८६ मध्ये व्हिएन्नात सालिएरीने ‘आधी संगीत, मग शब्द’ या नावाचा एक छोटा विनोदी ऑपेरा केला, त्याची संहिता कास्ती या कवीची होती. आपल्या संगीत नाटकात हा क्रम विनोदापुरता नव्हता. चाल आधी ठरलेली असे, कीर्तनातली, लावणीतली, एखाद्या चिजेची किंवा कानडी पदाची, आणि त्या चालीवर शब्द बसवायचे असत. म्हणजे धागाकर्त्यांनी ज्याला जागा सोडणे म्हटले आहे ती जागा किर्लोस्करांना आधीच आखून मिळालेली होती. दुसऱ्याने आखलेल्या जागेत ‘थंडगार वात सुटत’ इतके सहज बसवणे हे माझ्या मते त्याहून अवघड काम आहे.

निपाणीकर

चर्चा चांगली चालली आहे, परंतु मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे आणि तो मी मनापासून नोंदवतो.

पहिली गोष्ट. मात्रा आणि आकार यांवर पदाची प्रत ठरत असेल, तर ‘सौभद्रा’नंतरच्या पन्नास वर्षांत लिहिलेली शेकडो पदे तितकीच चांगली ठरायला हवीत. त्यांच्याही मात्रा बिनचूक होत्या, त्यांच्याही कडव्यांच्या शेवटी आकार-ईकार होते, आणि तरीही ती आज कोणाच्या तोंडी नाहीत. मोजमाप बरोबर असूनही रचना मेली, याचे स्पष्टीकरण तुमच्या साधनाजवळ नाही.

दुसरी गोष्ट. ज्या पद्याला उभे राहायला गळा लागतो ते पद्य मी कमी प्रतीचे मानतो. तुकोबांचा अभंग एकट्याने, रात्री, आवाज न करता वाचला तरी तो माणसाला धरतो. तेथे ना तबला आहे ना ऑर्गन. कविता म्हणजे तो अनुभव, आणि तो ज्याने घेतला त्याला ‘गद्यात का सांगितले नाही’ हा प्रश्न पडत नाही. संगीत नाटकाच्या वाटेने कवितेकडे येऊ पाहणारा माणूस कवितेच्या अंगणातूनच परत जाईल अशी मला काळजी वाटते, आणि ती काळजी धागाकर्त्यांविषयीच्या आदरातून आहे.

सूरपेटी, गोकाक

मी मुलींना गाणे शिकवते, त्यामुळे माझे निरीक्षण वर्गातले आहे. आमच्याकडे नाट्यगीते शिकायला येणाऱ्या पुष्कळ मुलींचे शिक्षण कानडी माध्यमात झालेले असते. मराठी त्या घरी बोलतात किंवा शेजारात ऐकतात, पण पद उतरवून घेताना वहीत कानडी लिपीत लिहितात. कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे, ‘ओ’ही दोन. मग ‘दीपतेज मंद होत’ लिहिताना मुलगी विचारते की ‘ते’ कोणता आणि ‘हो’ कोणता. मराठी वृत्तात हे दोन्ही स्वर नेहमी दोन मात्रांचे धरतात, म्हणून दोन्ही ठिकाणी दीर्घच लिहायला सांगावे लागते. मराठी लिपीत लिहिणारीला हा प्रश्न पडतच नाही. कानडीत लिहिणारीला मात्र गाण्याआधीच प्रत्येक अक्षराची लांबी ठरवावी लागते, आणि तिचे लयीचे भान लवकर पक्के होते असा माझा अनुभव आहे. वर जे त्रिकांचे गणित मांडले आहे ते या मुली नकळत वहीत करतात.

कानडी चालींचा उल्लेख वर आला आहे, तेथे आमच्या भागातील ‘श्रीकृष्ण पारिजात’ हे कानडी लोकनाट्य विसरून चालणार नाही. कुलगोड येथील तम्मण्णांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे, आणि कौजलगीच्या निंगम्मांसारख्या कलावतींनी ते गावोगावी नेले. त्यातही कृष्ण, रुक्मिणी, सत्यभामा, रुसवा आणि समजूत हाच संसार आहे. पात्रे स्वतः गातात आणि भागवत, म्हणजे त्यातला सूत्रधार, त्यांना प्रश्न विचारून कथा पुढे नेतो. या मुलखात वाढलेल्या किर्लोस्करांच्या कानांवर कानडी गाणे लहानपणापासून पडत असणार, आणि त्यांनी आपल्या पदांसाठी कानडी चाली घेतल्या ही तर संगीत रंगभूमीच्या इतिहासात नोंदलेलीच गोष्ट आहे. सीमेच्या राजकारणात आपण भाषेचे जे वाटे करतो ते या पदांना लावता येत नाहीत, आणि मला त्याचा आनंद आहे.

निपाणीकर सरांना एकच सांगते. अभंगही टाळ-मृदंगावर म्हणण्यासाठीच झाला. आपण तो मनात वाचतो तेव्हाही त्याची चाल आपल्या आत चालू असते, म्हणून तो शांततेत उभा राहतो.

ओतकामवाला (धागाकर्ता)

निपाणीकर सर, तुमचा पहिला आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर विचार करून मगच लिहीत आहे.

मात्रा बिनचूक असूनही पदे मेली, हे खरे. मी ‘प्रिये पहा’ पुन्हा काढले आणि या वेळी मात्रा सोडून क्रियापदे पाहिली. सुरुवातीला ‘येत’, ‘सुटत’, ‘होत’, ‘करित’ अशी सगळी चालू असलेली क्रिया आहे. पुढच्या कडव्यात ‘पक्षि मधुर शब्द करिति’, तेथेही वर्तमानच. आणि शेवटच्या कडव्यात, झोपेत सुखदुःख विसरून जे विश्व लयाला गेले होते ते आपल्या मूळ स्थितीकडे परतण्यासाठी ‘उठलें कीं तेंचि अहा’. पहाटेच्या वर्णनात भूतकाळी क्रिया अगदी शेवटी आली, कारण तेव्हा पहाट झाली. म्हणजे पद सुरू होताना रात्र सरते आहे आणि पद संपताना जग उठलेले आहे. मधला सगळा वेळ गाण्याने घेतला. देसकारासारख्या सकाळच्या रागात गायिका जितकी मिनिटे घेते तितकी मिनिटे रंगमंचावर खरोखरच उजाडत असते. गद्यात ‘उजाडले’ म्हटले की एका शब्दात काम संपते, आणि ते संपणे हेच तेथे चुकीचे ठरले असते, कारण या प्रसंगाचा आशय म्हणजे तो वेळ आहे.

त्याच शेवटच्या कडव्यात ‘गेलें जें विश्व लया’ असा चरण आहे. त्याची मात्रासंख्या बाराच, पण सुरुवातीला ‘गे’, ‘लें’, ‘जें’ अशी तीन गुरू अक्षरे लागोपाठ येतात. पहिल्या कडव्यातली तीनतीनची हलकी पावले येथे जड होतात. झोपेत बुडालेल्या जगाविषयी बोलताना चाल मंदावली, आणि ‘उठलें’ म्हणताना ती दोन लघूंनी पुन्हा उचलली गेली.

मेलेल्या पदांत काय नसते, याचे माझे उत्तर असे आहे : त्यांत वेळ भरलेला असतो, पण त्या वेळात काही घडत नाही. पात्राची स्थिती पदाआधी जी होती तीच पदानंतर राहते. ‘वद जाऊं कुणाला शरण’ या पदात सुभद्रा सखीला विचारते आहे आणि तिला उत्तर हवे आहे; ‘अग सखये’ ही हाक कागदावर पालुपदासारखी दिसली तरी समोर एक माणूस उभा असल्याची ती खूण आहे. शहापूरच्या ताईंनी आप्त-बंधु-बांधवांविषयी जे लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे, आणि ते याच मुद्द्यात बसते. ‘साचे’ मात्र मी अजूनही भरतीचे मानतो.

तुमच्या दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे तुमचे समाधान होईल असे उत्तर नाही. तुकोबांचा अभंग मीही वाचतो, पण वाचताना मला तो एका माणसाचे विठ्ठलाशी चाललेले बोलणे वाटतो. कोणीतरी कोणालातरी काहीतरी मागते आहे, भांडते आहे, जाब विचारते आहे. गोकाकच्या बाईंनी चालीविषयी लिहिलेलेही खरे आहे. ज्या कवितेत असे बोलणारे आणि ऐकणारे कोणी सापडत नाही, तिच्यापुढे मी आजही अनोळखी माणसासारखा उभा राहतो.

खानापूरकर

धागाकर्त्यांच्या ताज्या प्रतिसादाला एक पुस्ती जोडतो. आवाजासाठी सोडलेली जागा कोणी किती वापरावी, यावर संहितेचे नियंत्रण राहत नाही, आणि संगीत रंगभूमीची पुढची पडझड याच फटीतून झाली असे मला वाटते. गायक-नट भाऊराव कोल्हटकर सुभद्रेची भूमिका करीत तेव्हापासून गळ्याचे वेड प्रेक्षकांना लागले. ‘वन्स मोअर’ घेत घेत नाटके पहाटेपर्यंत चालू लागली, आणि एकेक पद मैफलीच्या अंगाने आळवले जाऊ लागले. त्या काळातील गायनाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु सुभद्रा उत्तर मागते आहे आणि सखी पंधरा मिनिटे उत्तर न देता पदराशी चाळा करीत उभी आहे, हे दृश्य नाट्य म्हणून चूक आहे. युरोपातही गायकांनी कडव्याच्या दुसऱ्या फेरीत इतकी नक्षी चढवली की पुढे ग्लुकसारख्या संगीतकारांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले.

शहापूरच्या प्रयोगात हे कसे हाताळणार आहात?

ओतकामवाला (धागाकर्ता)

याविषयी तालमीत बरीच चर्चा झाली. मी गाण्यातला जाणकार नाही, त्यामुळे मी फक्त संहितेच्या बाजूने बोललो. माझी सूचना अशी होती की ज्या पदात दुसऱ्या पात्राकडून उत्तर अपेक्षित आहे ते पद उत्तराच्या गरजेइतकेच लांबवावे, आणि ‘प्रिये पहा’सारखे ज्याचा आशयच वेळ आहे ते मोकळेपणाने गाऊ द्यावे. बहुतेकांना ती पटली. एका ज्येष्ठ गायकांना पटली नाही. त्यांचे म्हणणे असे की करुण पदालाच विस्तार लागतो, आणि ऐकणारे पात्र कसलेले असेल तर पंधरा मिनिटे ऐकणे हाही अभिनयच आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तो निर्णय आम्ही सुभद्रेची भूमिका करणाऱ्या मुलीवर सोडला आहे.

दुसरे असे ठरले की पूर्वी नाटक कंपन्या पदांची छोटी पुस्तके विकत, तसे एक पुस्तक छापायचे. ‘दिग्वदनें’, ‘निजमहा’, ‘विरलपर्ण’, ‘जलरुहा’ हे शब्द आजच्या तरुण श्रोत्याला गाण्याच्या ओघात कळणार नाहीत, म्हणून प्रत्येक पदाखाली सोप्या मराठीत अर्थ असेल. टिळकवाडीकरांनी याविषयी काही सुचवावे.

टिळकवाडीचा श्रोता

कल्पना उत्तम आहे. हेंडेलचे इटालियन ऑपेरा लंडनमध्ये होत तेव्हा प्रेक्षकांना इटालियन आणि इंग्रजी मजकूर समोरासमोर छापलेली पुस्तिका मिळे. नाट्यगृहात दिवे जळत असल्यामुळे ती प्रयोग चालू असताना वाचता येई. आज हेच काम रंगमंचाच्या वरच्या पट्टीवर उमटणाऱ्या ओळी करतात. १९८३ मध्ये टोरांटोत ही सोय प्रथम झाली. आपल्या सभागृहात प्रोजेक्टर असेल तर पदाची ओळ आणि तिचा अर्थ मागच्या भिंतीवर दाखवता येईल. मात्र ओळ गायिकेच्या आधी दिसू देऊ नका. ‘उठलें’ हा शब्द भिंतीवर आधी वाचला गेला तर धागाकर्त्यांनी सांगितलेली पहाट वाया जाईल.

शहापूरची वाचक

पुस्तकाविषयी एक विनंती. डाव्या पानावर देवनागरी आणि उजव्या पानावर तेच पद कानडी लिपीत छापता येईल का? आमच्या गल्लीतील निम्म्या मुलांना मराठी उत्तम कळते, पण भरभर वाचता येते ते कानडीत. त्यांच्या आजी-आजोबांना ही पदे तोंडपाठ आहेत आणि नातवंडांना ती पानावरून म्हणता आली तर घरात ती पुन्हा गायली जातील.

निपाणीकर

शहापूरच्या ताईंच्या विनंतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कवितेविषयीचा आमचा मतभेद तसाच ठेवून, पुस्तकाच्या छपाईसाठी काही वर्गणी पाठवायची माझी इच्छा आहे. ‘साचे’च्या बाजूने मी स्वतंत्र धागा काढणार आहे, कारण हरलेल्या माणसाला आपले हरणे ‘खरेच’ असे एकदा मोठ्याने म्हणावेसे वाटते, आणि ती गरज यमकाची नाही असे माझे ठाम मत आहे.

सूरपेटी, गोकाक

कानडी लिप्यंतराचे काम मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी आनंदाने करू. काका, मुद्रिते छापखान्यात देण्यापूर्वी माझ्याकडे पाठवा. ‘ए’ आणि ‘ओ’ सगळीकडे दीर्घ घ्यावे लागतील, आणि मराठीतला ‘च’ कोठे ‘चहा’तला आणि कोठे ‘चमचा’तला हे कानडी लिपीत दिसणार नाही, म्हणून तेवढ्या जागी खाली ठिपका देण्याची खूण आपण ठरवून घेऊ.